आर्डिथचा अंगठा

रोज सकाळी कॉफीची किटली शेगडीवर ठेवण्याआधी आर्डिथ पेल्की स्वयंपाकघराच्या दाराशी जायची आणि तिथे खिळ्याला टांगलेल्या पत्र्याच्या थाळीवरून उजवा अंगठा फिरवायची. थाळी म्हणजे जुन्या गाडीच्या एअर क्लीनरचा, इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या डब्याचा, तळ. नारिंगी रंगाची, परातीएवढी, मधे भोक असलेली. कारखाना बंद झाला त्या आठवड्यात तिने स्वतःच्या हाताने जोडलेली ती शेवटची थाळी. मुकादमाने पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि ती कोटाखाली दडवून घरी आली. जिथे हवा ओढणारी सोंड थाळीला जोडलेली असते, तिथे कडेला वेल्डिंगचे बारीक खळगे असतात. वरून रंग चढला की डोळ्यांना दिसत नाहीत. अंगठ्याला कळतात.

कळायचे. गेली दोन वर्षं तिच्या अंगठ्याला काहीच कळत नव्हतं.

सुरुवात पायांपासून झाली. अनवाणी चालतानाही मोजे घातल्यासारखं वाटायचं. एकदा फरशीवर लाल ठिपक्यांची रांग दिसली, तेव्हा तिला कळलं की टाचेत काच घुसली आहे आणि आपण घरभर हिंडतो आहोत. डॉक्टर म्हणाले, साखरेचा आजार आहे, नसा मरतात, आता गाडी चालवायची नाही. तिने मान डोलावली. हातांबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मग ती रोजची वेळ भीतीची झाली. जाग आल्यावर ती काही वेळ पांघरुणात तशीच पडून राहायची. अंगठा मुठीत घट्ट धरून. जणू रात्रीतून तो परत आला असेल तर निसटू नये. मग उठायची, दाराशी जायची, अंगठा फिरवायची. गुळगुळीत. बर्फावरून फिरवावा तसा. शेवटी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची आणि गाल थाळीला लावायची. गालाला अजून सगळं कळत होतं. गार पत्रा, आणि त्यात एकामागून एक ते खळगे. ते सापडले की तिचा श्वास सुटायचा. मग कॉफी.

पडदा ओढण्याचं कारण आमच्या भागात राहणाऱ्या कुणालाही वेगळं सांगावं लागणार नाही. सॅगिनॉ नदीच्या खोऱ्यात घरटी एक माणूस गाड्यांच्या कारखान्यात गेलेला. कारखाने गेले, गाड्या राहिल्या. साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या दोन दारांच्या, ट्रकला शोभेल असं इंजिन पोटात घातलेल्या गाड्या इथल्या गॅरेजांत चादरी पांघरून झोपलेल्या असतात. उन्हाळ्यात त्या बाहेर निघतात, जुन्या गाड्यांच्या शोला जातात, आणि तिथे परीक्षक बॉनेट उघडून बघतात की आतला एकेक भाग त्याच वर्षीचा, कारखान्यातून निघालेला आहे का. बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा दिसतो तो एअर क्लीनरचा डबा. गोल, इंजिनाच्या डोक्यावर टोपीसारखा बसलेला. म्हणून त्याच्या नकला फार. एका साध्या डब्याची सोंड कापायची, दुर्मिळ डब्याची सोंड त्याला जोडायची, पुट्टी भरायची, रंग मारायचा. वर छापलेला नंबर बरोबर, झाकण बरोबर, माणूस फसला.

आर्डिथ फसायची नाही. जत्रेच्या मैदानावर जुन्या भागांचा बाजार भरला की तिच्यासाठी खुर्ची ठेवलेली असायची. लोक डबा तिच्या मांडीवर ठेवायचे. ती झाकण उलटं करून बघायची.

"आतल्या बाजूला एवढा चकचकीत रंग? कारखान्यात आत कोण बघायला जात होतं, बाबा? आम्ही वरून मारला आणि पुढे ढकलला. हा कुणीतरी प्रेमाने रंगवलाय. प्रेमाने रंगवलेलं खरं नसतं."

सगळे हसायचे. मग शेवटी कुणीतरी म्हणायचं, "बाई, अंगठा लावा." तिने अंगठा फिरवून "बरोबर आहे" म्हटलं की डबा विकला जायचा, "नाही" म्हटलं की विकणारा मुकाट्याने तो गाडीत टाकून चालता व्हायचा. ती आमच्याकडची पद्धतच पडली होती. कागदपत्रं कुणी बघत नसे.

त्या ऑगस्टमध्ये रोलंड वास्को तिला बाजारात घेऊन गेला. रोलंडचा बाप एमिल वेल्डिंगच्या यंत्रावर आर्डिथच्या शेजारी उभा असायचा. एमिल गेला तेव्हा हिरवी, अडुसष्ट सालची गाडी मुलाकडे आली आणि एमिलची बायको मिली आर्डिथकडे. म्हणजे रोज दुपारी पत्ते खेळायला. त्या गाडीवरचा मूळ डबा एमिलने तरुणपणी कुठेतरी फेकून दिला होता आणि त्याची चुटपूट त्याला शेवटपर्यंत होती. रोलंडला या सप्टेंबरच्या शोला गाडी बापाने विकत घेतली तेव्हा होती तशी न्यायची होती.

"मावशी, इकडे बघ," तो लांबूनच ओरडला. गॅरेट नावाच्या, ओहायोहून आलेल्या विक्रेत्याच्या टेबलावर एक डबा होता. दोन सोंडांचा. नंबर तोच. रोलंडचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता.

भोवती माणसं जमली. आर्डिथने झाकण उलटं केलं. आतला रंग पातळ होता. सोंडेच्या कडा जिथे दुमडायला हव्या तिथे दुमडल्या होत्या. झाकण आवळणारा दोन कानांचा नट जुनाच, आखूड कानांचा होता. सगळं बरोबर दिसत होतं.

"अंगठा, बाई, अंगठा!"

तिने अंगठा सोंडेच्या जोडावरून फिरवला. बर्फ. परत फिरवला. तिला वाटलं, डबा उचलावा आणि गाल लावावा. भोवती दहा-बारा पुरुष टोप्या घालून उभे होते. आता जर गाल लावला तर सगळ्यांना कळेल. आज डबा जाईल, उद्या खुर्ची जाईल, परवा कुणीतरी घरी येऊन शेगडीची बटणं काढून नेईल, कारण बाईला चटका बसलेला कळत नाही. आणि मग ते म्हाताऱ्यांचं घर. तिची बहीण तिथेच गेली होती. खिडकीशी बसून, हात मांडीवर ठेवून.

"बरोबर आहे," आर्डिथ म्हणाली.

शोच्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरच्या घराचा दिवा नुसता पिवळा डाग दिसत होता. रोलंड हिरवी गाडी घेऊन तिच्या दारात आला. शेजारच्या सीटवर मिली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून.

"चल की गं," मिली म्हणाली. "मागे बस. भजन म्हणायला तेवढीच सोबत. हा आज तिथे दाबणार आहे."

'तिथे' म्हणजे धान्याच्या कोठारांपलीकडचा सरळ रस्ता. बिटाच्या शेतांमधून रेघ मारल्यासारखा जातो आणि शेवटी आडव्या कालव्याशी संपतो. एमिल दरवर्षी शोला जाताना कोठारं ओलांडली की वेगाचं पायडल तळाला टेकवायचा आणि कालव्याच्या बऱ्याच अलीकडे सोडायचा. आता मुलगा ते करायचा आणि मिली खिडकीची दांडी धरून ओरडायची, "दाब!"

"माझे गुडघे नाहीत तुझ्या गाडीत मावायचे," आर्डिथ म्हणाली.

रोलंडने बॉनेट उघडलं. डबा जागेवर बसला होता. "बघ. बाबांना दाखवायला पाहिजे होता."

"वास घेऊ दे जुन्या इंजिनाचा," ती म्हणाली. ती वाकली, आणि वास घेतल्यासारखं करून तिने गाल सोंडेच्या जोडाला लावला.

खळगे नव्हते. त्यांच्या जागी एक खरबरीत वळ होता, सपाट घासलेला. पुट्टी. कुणीतरी सोंड कापून दुसऱ्या थाळीला जोडली होती.

ती ताठ उभी राहिली. सांगायचं तर आत्ताच. तोंड उघडलंही. मिली रुमालाची गाठ आरशात नीट करत होती. रोलंड वाट बघत होता, हसत. आर्डिथच्या मनात आलं, परीक्षकांना नाही कळायचं. कळलं तरी काय, एक बक्षीस जाईल. एका डब्यापायी माझं अख्खं घर जाईल.

"छान वास आहे," ती म्हणाली.

गाडी धुक्यात गेली. आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

ती आत आली. किटली ठेवायची राहिली होती. सवयीने ती दाराशी गेली, पडदा ओढला आणि गाल थाळीला लावला. खळगे होते. खाली थाळीचा तळ सपाट होता, मोठ्या इंजिनाच्या थाळीचा असतो तसा. आणि तिथे, गाल पत्र्यावर असतानाच, तिच्या मनात तो प्रश्न उभा राहिला. सोंड खरी होती. पण ती जोडली कुठल्या थाळीला?

ती डोळे मिटून उभी राहिली. बॉनेटखाली वाकली तेव्हा डब्याचा तळ किती खाली उतरलेला दिसला होता? एका बाजूने जास्त खाली होता. पोट सुटलेल्या माणसासारखा.

लहान इंजिनाच्या थाळीला पोट असायचं. कारखान्यात दोन्ही थाळ्यांच्या चळती लांब लांब ठेवायचे. लहानीवर हिरव्या रंगाचा एक फटकारा मारायचे, आणि मुकादम रोज तेच ओरडायचा, मिसळू नका. कारण लहान थाळी मोठ्या इंजिनावर बसते, छान बसते, गाडी सुरू होते, गावभर फिरते. फक्त पायडल तळापर्यंत दाबलं की खालचा, इंजिनाला पेट्रोल सोडणारा लिव्हर वर येतो, त्या पोटाच्या कडेखाली घुसतो आणि अडकतो. मग पाय काढला तरी तो सुटत नाही आणि गाडी धावतच राहते. एकदा अशी एक गाडी चाचणीच्या रस्त्यावर भिंतीत गेली होती. त्या दिवशी एमिल आणि ती जेवणाच्या सुट्टीत डबे न उघडता बसून राहिले होते.

ती फोनकडे गेली.

फोनची बटणं दाबायला तिला पेन्सिल धरावी लागली, बोटं भलतीकडेच पडत होती. रोलंडच्या बायकोने फोन उचलला.

"अगं मावशी, त्याचा फोन इथेच ओट्यावर वाजतोय. त्या गाडीत फोन न्यायचा नाही, सासऱ्यांच्या वेळी कुठे होते, म्हणून. काय झालं?"

"गेले का ते सरळ?"

"छे, सासूबाई बेकरीत थांबणार. खसखशीचा रोल घेतल्याशिवाय त्यांचा शो होतो का? मावशी? तुझा आवाज असा का?"

"तुझी गाडी आहे का?"

"पोरगी घेऊन गेली कामावर. मावशी, काय…"

आर्डिथने फोन ठेवला. बेकरीचा नंबर शोधून दाबेपर्यंत ते तिथून निघाले असते. पिकअप ट्रकच्या किल्ल्या त्याच खिळ्याला, थाळीच्या मागे होत्या. किल्ल्यांची कडी सुटेना. तिची बोटं कडीवरून घसरत होती, ती बघत होती आणि बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी वागत होती. शेवटी तिने खिळ्यासकट सगळंच ओढलं आणि थाळी, किल्ल्या, भिंतीचा पोपडा असं सगळं छातीशी धरून बाहेर पडली.

ट्रक सुरू झाला. पुढचं तिने नंतर मिलीला सांगितलं, आणि मिलीने आम्हाला. पाय पायडलवर आहे की नाही हे तिला कळत नव्हतं. कळायला खाली बघावं लागत होतं. खाली बघितलं की रस्ता जायचा, रस्ता बघितला की पाय जायचा. ती स्वतःच्या बुटाशी मोठ्याने बोलत होती. "डावीकडे. डावीकडे, मेल्या. आता तिथेच थांब." मोठ्या रस्त्याने गेली असती तर ती पोचेपर्यंत ते बेकरीतून पुढे गेले असते, म्हणून बिटाच्या शेतातून थेट कोठारांपाशी निघणारी ट्रॅक्टरची वाट तिने धरली. दोन्ही बाजूंना ओली पानं ट्रकला घासत होती. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं. एकदा इंजिन उगाचच भयंकर ओरडू लागलं, आणि खाली बघितल्यावर कळलं की तिचा पाय पायडलवर जोर देतो आहे, केव्हापासून कुणास ठाऊक. तिला वाटलं, हे असंच होणार त्यांचं. पाय काढला असं वाटेल आणि गाडी ऐकणार नाही.

कोठारांची काळी उंच सावली धुक्यातून वर आली. वाट रस्त्याला मिळाली. ब्रेक म्हणून तिने जे दाबलं ते ब्रेकच होतं, पण उशिरा. ट्रक रस्त्यावर आडवा जाऊन पुढची चाकं पलीकडच्या चरात घेऊन थांबला. तिचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. ते मात्र कळलं.

आणि तेव्हा गावाच्या बाजूने तो आवाज आला. जड, घोगरा, लांबूनही ओळखता येणारा.

तिला वाटलं होतं, कडेला उभं राहून हात करू. आता तिचा ट्रक धुक्यात रस्त्याच्या मधोमध आडवा होता, भिंतीसारखा, आणि ती भिंत तिनेच उभी केली होती. तिने धोक्याचे दिवे लावले. ते पाच-दहा पावलांच्या पलीकडे पोचत नव्हते. ती खाली उतरली. पायाखाली रस्ता आहे हे फक्त बुटांच्या आवाजावरून कळत होतं. ती आवाजाच्या दिशेने चालू लागली, मग धावू लागली, सत्तरी ओलांडलेली बाई, पाय जमिनीवर पडतात की नाही ठाऊक नसलेली. नारिंगी थाळी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. "थांब रे! रोली! थांब!" आवाज मोठा होत गेला. कोठारं अजून त्याच्या पुढे होती. अजून त्याने दाबलं नसेल. मिली ओरडली नसेल. धुक्यात दोन दिवे उगवले. ती रस्त्याच्या मधे उभी राहिली आणि डोळे मिटले.

टायर किंचाळले. मग नुसती इंजिनाची धडधड, इतकी जवळ की तिच्या हातातली थाळी तिच्यासोबत थरथरत असल्याचं तिने पाहिलं. जाणवलं नाही, पाहिलं.

मिलीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अगं बये! ताट घेऊन रस्त्यात काय उभी आहेस? भीक मागतेस?"

"बंद कर," आर्डिथ म्हणाली. "रोली, इंजिन बंद कर."

"मावशी, कपाळातून रक्त येतंय तुझ्या. तू गाडी चालवत आलीस?"

"बंद कर म्हणते ना!"

त्याने किल्ली फिरवली. शांतता झाली. शेतातून पाणी टपकल्याचे आवाज येऊ लागले.

"बॉनेट उघड. आता आत जाऊन बस आणि पायडल दाब. पार तळापर्यंत. इंजिन सुरू करायचं नाही."

रोलंड बसला. मिली रुमाल सावरत आर्डिथच्या शेजारी येऊन बॉनेटखाली डोकावली. खालून बारीक लिव्हर वर सरकला, अजून वर आला, थाळीच्या सुटलेल्या पोटापाशी जरा अडला, आणि टक् करून तिच्या कडेखाली गेला.

"आता सोड," आर्डिथ म्हणाली.

लिव्हर हलला नाही.

"सोड रे," मिली म्हणाली.

"सोडला," आतून रोलंड म्हणाला.

"सोडलास?"

"केव्हाच. पाय बाहेर आहे माझा."

मिली वाकून बघत राहिली. मग तिने मान वळवली. धुक्यामागे तो सरळ रस्ता होता आणि त्याच्या शेवटी कालवा. तिने बॉनेटची कड धरली.

"मी आत्ता 'दाब' म्हणणार होते," ती म्हणाली. "तोंडाशी आलं होतं माझ्या."

रोलंड बाहेर आला आणि त्याने ते अडकलेलं बघितलं. बोटाने लिव्हर खाली ओढला, तो झटक्यात सुटला आणि रोलंडचं नख उडालं. त्याने बोट तोंडात घातलं.

"माझ्या बोटांना काही कळत नाही," आर्डिथ म्हणाली. "दोन वर्षं झाली. बाजारात मी नुसता अंगठा फिरवला. मला काही कळलं नव्हतं. गालाला कळतं फक्त."

"सकाळी तू वास घेतलास," रोलंड म्हणाला. "गाल लावून."

"हो."

"तेव्हा कळलं तुला."

"डबा खोटा आहे एवढं कळलं. हे असं अडकतं ते नंतर आठवलं."

"पण खोटा आहे हे कळलं. आणि तू मला जाऊ दिलंस. आई होती गाडीत."

रोलंडने दोन कानांचा नट फिरवून डबा काढला आणि चराच्या कडेला गवतात नेऊन ठेवला. फेकला नाही, ठेवला. ते फेकण्यापेक्षा वाईट वाटलं, असं ती नंतर म्हणायची.

मिलीने तिचा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या पेराला कचकन चिमटा काढला.

"कळतंय?"

"नाही."

"हे?"

"नाही गं."

"म्हणून पत्ते वाटताना तुझ्या हातून दोन-दोन पडायचे," मिली म्हणाली. "आणि मी दोन वर्षं समजत होते, ही म्हातारी लबाडी करते." एवढं म्हणून ती रडायला लागली, आर्डिथचा हात न सोडता.

गाडी उघड्या इंजिनाने, बैलगाडीच्या चालीने परत आली. शो चुकला. ट्रक काढायला दुपारी ट्रॅक्टर आला.

तिला ज्याची भीती होती त्यातलं बरंच झालं. डॉक्टरांनी हात तपासले. शेगडीची बटणं निघाली, तिथे विजेची किटली आली. कपाळावर खूण राहिली. म्हाताऱ्यांच्या घरात जाणं मात्र टळलं, कारण मिली एक दिवस आपली उशी आणि पत्त्यांचा जोड घेऊन आली आणि गेलीच नाही. रोलंड सगळा शरद फिरकला नाही. रस्त्यात दिसला तर टोपीला हात लावायचा, थांबायचा नाही. तेवढ्या दिवसांत आर्डिथ बाहेर गाडीचा आवाज आला की हातातलं ठेवून उभी राहायची, आवाज लांब जाऊन विरेपर्यंत. मिली म्हणायची, बस गं. ती बसायची नाही.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी तिच्या पायऱ्यांवर, बर्फावरून पाय घसरू नये म्हणून, कुणीतरी मीठ पसरून गेलं होतं. नाताळाआधी रोलंड दारात उभा राहिला, हातात एक डबा, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला.

"हा कुठला आहे बघ," तो म्हणाला. आत न येता.

आर्डिथने डबा टेबलावर ठेवून घेतला. पडदा उघडाच होता, समोरच्या घरातलं कुणीतरी खिडकीत होतं. तिने वाकून गाल पत्र्याला लावला. बराच वेळ लावून ठेवला. एकदा, दोनदा. मग थाळीच्या तळाखाली मिलीला हात घालायला लावला आणि विचारलं, सपाट आहे ना, नीट बघ, अजून एकदा बघ. मिली म्हणाली सपाट आहे. आर्डिथ म्हणाली, अजून एकदा.

"खरा आहे," ती शेवटी म्हणाली. "पण घरी नेऊन बसव, इंजिन बंद ठेव, पायडल तळाला लाव आणि बायकोला बघायला सांग. मी म्हटलं म्हणून बसवू नकोस."

आता आमच्याकडे सगळेच तसं करतात. डबा खरा असो की खोटा, बसवला की इंजिन बंद ठेवून एकाने पायडल दाबायचं आणि दुसऱ्याने वाकून बघायचं, आणि "सोडला?" असं विचारायचं. नव्या पोरांना कारण माहीत नसतं. बाजारात ती खुर्ची पुढच्या उन्हाळ्यातही ठेवली गेली. "आर्डिथ डब्याचा मुका घेते," असं पोरं म्हणायची, आणि ती म्हणायची, "तुझा घेण्यापेक्षा बरा." पण प्रत्येक डबा देताना तिचा चेहरा उतरायचा, आणि घेणाऱ्याची गाडी मैदानाबाहेर पडून आवाज बंद होईपर्यंत ती दुसरा डबा हातात घेत नसे.

सकाळचा नेम चालूच होता. नारिंगी थाळी परत खिळ्यावर चढली होती, कड जरा वाकलेली. आधी अंगठा, मग गाल. त्यानंतर मिलीचा अंगठा धरून ती त्या खळग्यांवरून फिरवायची. "हा कळला? आणि हा?" मिली म्हणायची, कळला, कळला, आता कॉफी दे.

त्यानंतरच्या मार्चमध्ये आर्डिथ झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी मिलीने कोबीचं सूप केलं होतं आणि पातेलं टेबलावर ठेवून ती पत्ते पिसायला बसली होती. आर्डिथ खिडकीपाशी उभी होती. बाहेरून रोलंडची गाडी गेली, आवाज कोठारांकडे गेला, मग थांबला, आणि थोड्या वेळाने परत आला. मग ती वळली, पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"झाकण ठेव गं त्यावर, निवतंय."